शिरांचा संगमरवर: ओट्यावर नको, भिंतीवर लावा

चुनखडी जमिनीखाली दाबली आणि तापली की तिच्यातला कॅल्साइट (चुनखडीचे मुख्य खनिज) नव्याने स्फटिकरूप घेतो, तोच संगमरवर. मूळ खडकातली माती, लोह, ग्राफाइट पट्ट्यापट्ट्यांनी उरतात आणि आपण त्यांना शिरा म्हणतो. असा खडक नागपूर जिल्ह्यात देवलापारकडेही आहे. जाड करड्या-सोनेरी शिरांचा कॅलाकाटा संगमरवर मात्र इटलीतल्या कराराच्या डोंगरांतला.

सौंदर्य शिरेत आणि कमजोरीही तिथेच. स्लॅब बहुधा शिरेवरच तडकतो. 18 मिमी जाडीचा 9 बाय 5 फुटांचा स्लॅब साधारण 200 किलो भरतो. तो उभाच न्यायचा, आडवा धरला की मध्ये वाकून मोडलाच समजा. पाठीला मजबुतीसाठी जाळी आणि रेझिन (राळेसारखा लेप) असेल, तर त्यावर साध्या सिमेंटची पकड बसत नाही, इपॉक्सी ही दोन घटक मिसळून होणारी चिकटवण लागते. जाळी नसेल तर पांढरे टाइल अॅडहेसिव्ह घ्या. करड्या सिमेंटची छटा पांढऱ्या दगडातून वर दिसते, आणि ओल राहिली तर दगडातले लोह गंजून पिवळे डाग उमटतात. ते पुसून जात नाहीत. उंच भिंतीवर नुसत्या चिकटवणीवर विसंबू नका, स्टीलचे क्लॅम्प हवेतच.

शिरा आरशासारख्या जुळवायच्या असतील, तर एकाच ठोकळ्यातले लागोपाठचे स्लॅब लागतात आणि पॉलिश समोरासमोरच्या बाजूंना हवे. कडेवरचे नंबर तपासा. बसवण्याआधी सगळे तुकडे जमिनीवर मांडून पाहा. शीर जुळवताना कापून बरेच वाया जाते, म्हणून मापापेक्षा 20 टक्के जास्त घ्या; नंतर त्याच ठोकळ्यातला माल मिळेलच असे नाही.

स्वयंपाकाच्या ओट्यावर हा दगड लावण्याचा हट्ट मात्र आम्हाला पटत नाही. संत्र्याचा रस, लिंबू, चिंच सांडली की आम्ल कॅल्साइट विरघळवते आणि चकाकीत फिकट ठिपका पडतो. सीलर, म्हणजे दगडात मुरवायचा संरक्षक द्रव, तेल-हळदीला शिरू देत नाही, एवढेच. आम्लापुढे त्याचा इलाज नाही. संत्र्यांच्या शहरात ग्रॅनाइटचा ओटा बरा! करायचाच असेल तर मॅट पॉलिश घ्या, त्यात ठिपके कमी खुपतात.

बाथरूममध्ये लावला असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा क्लीनर कपाटातूनच काढून टाका. पुसायला पाणी आणि सौम्य साबण पुरतो. सीलर टिकलाय का, हे पाण्याचा थेंब सांगतो: 10-15 मिनिटांत दगड काळवंडला, तर पुन्हा लावा.