जुनी स्कॉर्पिओ की जुनी एक्सयूव्ही ५००? रोज फिरवायची आणि ट्रॉलीही ओढायची असेल तर

नमस्कार.

गणपती आटोपले की किनाऱ्यावरच्या होड्या पुन्हा पाण्यात उतरायच्या तयारीला लागतात, आणि आमच्या कुडाळच्या वर्कशॉपमध्ये एकच प्रश्न घेऊन माणसे येऊ लागतात: "जुनी गाडी घ्यायची आहे. मुलांना शाळेत सोडायला, कोल्हापूरला जायला तीच, आणि होडीची ट्रॉली ओढायलाही तीच. स्कॉर्पिओ बघू की एक्सयूव्ही?" विचारणारे बहुतेक तारकर्ली-देवबागकडचे जलक्रीडावाले असतात. अलीकडे जत्रांमधून खाद्यपदार्थांची ट्रॉली लावणारे आणि मंडपवाले जनरेटरची ट्रॉली घेऊनही येतात. प्रत्येकाला तासभर बसून सांगणे गर्दीच्या दिवसांत जमत नाही, म्हणून हे माहितीपत्रक. गाडी बघायला जाण्याआधी वाचा.

आम्ही जुन्या गाड्या तपासून देतो आणि ट्रॉलीसाठी हूक बसवून देतो. गाड्या विकत नाही, त्यामुळे तुम्ही कोणती घेतलीत यात आमचा एक रुपयाचाही फायदा नाही.

आधी ट्रॉली काट्यावर न्या

गाडी निवडायच्या आधी ट्रॉलीचे वजन माहीत असायला हवे, आणि ते अंदाजाने सांगून चालत नाही. देवबागच्या एका ग्राहकांनी आम्हाला छातीठोकपणे सांगितले होते, "होडी धरून चारशे किलो, एक किलो जास्त नाही." फायबरची छोटी होडी, मागे ४० हॉर्सपॉवरचे आउटबोर्ड इंजिन. वजनकाट्यावर नेली तर भरली ६८० किलो. ट्रॉलीचा सांगाडा गावातच जाड चॅनेलचा बनवलेला होता. होडीच्या तळाशी तरंगण्यासाठी भरलेल्या फोमने अनेक पावसाळ्यांचे पाणी पिऊन ठेवले होते. शिवाय पेट्रोलची टाकी, नांगर, दोरखंड आणि बारा लाइफ जॅकेट्स. यातले काहीच त्यांच्या हिशेबात नव्हते, आणि एवढ्यात ते एक गाडी जवळजवळ पक्की करून आले होते.

काट्याची पावती घेतलीत की दुसरे वजन घरीच करा. ट्रॉलीचा जो दांडा गाडीच्या हुकावर बसतो, तो हुकाच्याच उंचीवर राहील असा लाकडी ठोकळा घ्या, खाली घरातला वजनाचा काटा ठेवा आणि दांडा ठोकळ्यावर टेकवा. चाकांना दगड लावायला विसरू नका. हा भार ट्रॉलीच्या एकूण वजनाच्या ५ ते १० टक्के असावा. ६८० किलोला ३४ ते ६८ किलो; आम्ही ५०च्या आसपास ठेवतो. होडीच्या ट्रॉलीत इंजिन मागच्या टोकाला असल्याने हा भार हमखास कमी भरतो. मग साठच्या वेगाला ट्रॉली शेपटीसारखी डावी-उजवीकडे हलू लागते, आणि एकदा का ती हेलकावे घेऊ लागली की चालवणाऱ्याच्या हातात फारसे काही उरत नाही. तसे झालेच तर ब्रेक जोरात दाबू नका, स्टिअरिंग सरळ धरा आणि ॲक्सिलरेटर सोडून वेग आपोआप उतरू द्या. कायमचा उपाय म्हणजे होडी ट्रॉलीवर थोडी पुढे सरकवणे किंवा ट्रॉलीचा ॲक्सल मागे घेणे. दोन्ही कामे आम्ही करून देतो, पण दोराची जागा बदलून तुम्हीही निम्मे काम करू शकता.

ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर ७५० किलो ही आमची सीमा. युरोपातही बिनब्रेकच्या ट्रेलरला एवढीच मुभा आहे, आणि आपल्याकडे तर वाटेत घाट आहेत. त्यावरच्या वजनाला आम्ही या दोन्हींपैकी कोणत्याही गाडीला हूक बसवून देत नाही. आधी ट्रॉलीला ब्रेक बसवा. गाडीच्या मालक-पुस्तिकेत ट्रेलर ओढण्याबद्दल काय लिहिले आहे तेही वाचा. तिथे मनाई असेल किंवा कमी वजन दिले असेल तर तेच अंतिम.

इंजिन एकच, सांगाडे दोन

दोन्ही गाड्या महिंद्राच्या, आणि दोन्हींत २१७९ सीसीचे एमहॉक डिझेल इंजिन. २०१७च्या अखेरीस आलेल्या स्कॉर्पिओच्या वरच्या मॉडेलांत ते १४० बीएचपी आणि ३२० न्यूटन-मीटर देते. एक्सयूव्ही ५०० मध्ये सुरुवातीला १४० बीएचपी आणि ३३० न्यूटन-मीटर होते, २०१८ पासून १५५ आणि ३६०. कागदावर एक्सयूव्ही सरस दिसते आणि ग्राहक तिथेच थांबतात. पण या आकड्यांवर ट्रॉलीचा निकाल लागत नाही. दोन्ही इंजिने ६८० किलो आरामात ओढतात. फरक आहे तो ताकद कोणत्या चाकांना जाते आणि हूक कशाला लागतो, यात.

स्कॉर्पिओला खाली शिडीसारखी वेगळी चासी आहे, बॉडी तिच्यावर बसवलेली, आणि इंजिनाचा जोर मागच्या चाकांना. एक्सयूव्ही ५०० मोनोकॉक आहे, म्हणजे बॉडी हाच सांगाडा, आणि जोर पुढच्या चाकांना. चारही चाकांना जोर देणारी मॉडेले दोन्हींत येऊन गेली, पण जुन्या बाजारात ती क्वचितच सापडतात, म्हणून इथे त्यांचा विचार केलेला नाही.

आता जेटीच्या उतारावर उभे राहून बघा. ओहोटी आहे, काँक्रीटवर हिरवे शेवाळ आहे, ट्रॉली पाण्यात गेली आहे आणि होडी तिच्यावर चढवून वर ओढायची आहे. गाडीचे तोंड चढाकडे. चढामुळे गाडीचा भार मागे सरकलेला, त्यात ट्रॉलीचा दांडा शेपटावर दाबतो आणि पुढची बाजू आणखी हलकी होते. स्कॉर्पिओची ओढणारी चाके नेमकी त्या भाराखाली येतात आणि पकड धरतात. एक्सयूव्हीची ओढणारी चाके हलक्या झालेल्या बाजूला. ती जागच्या जागी फिरतात, रबराचा वास येतो, चालवणारा घाबरून आणखी रेस देतो आणि क्लच जळतो. यात एक्सयूव्हीचा दोष नाही. ती या कामासाठी आखलेलीच नाही. डांबरी रस्त्यावर तीच गाडी तीच ट्रॉली शांतपणे ओढते.

म्हणून एक्सयूव्ही घेणाऱ्यांना आम्ही सुचवतो: किनाऱ्यावर होडी उतरवायला-चढवायला ट्रॅक्टर लावा, गाडी रस्त्यावरच ठेवा. अनेक जलक्रीडावाले असेच करतात. समुद्राचे पाणी गाडीच्या खालच्या भागाला लागत नाही, हा त्यातला मोठा फायदा.

रोजच्या वापराचे

इथे एक्सयूव्ही बरीच पुढे आहे, आणि हे आम्ही स्कॉर्पिओच्या चाहत्यांनाही तोंडावर सांगतो. चारही चाकांना डिस्क ब्रेक, वरच्या मॉडेलांत सहा एअरबॅग आणि गाडी घसरू लागली तर सावरणारी ईएसपी. वळणावर ती कमी कलंडते, आणि फोंडा घाट चढून कोल्हापूर गाठल्यावर मागे बसलेल्यांचे अंग दुखत नाही. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या धडक-चाचणीत तिला चार तारे मिळाले होते. स्कॉर्पिओचे एअरबॅग नसलेले मॉडेल २०१६च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत शून्यावर राहिले. म्हणून स्कॉर्पिओ घ्यायचीच तर दोन एअरबॅग आणि एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असलेलीच घ्या. ती नसलेली स्वस्तातली मॉडेले घरच्या माणसांसाठी घेऊ नका, मग किंमत कितीही ओढ लावणारी असो.

स्कॉर्पिओची बाजू अशी की ती कुठेही दुरुस्त होते. रात्री कणकवलीच्या पुढे बंद पडली तरी तिला हात लावणारा मेकॅनिक मिळतो. एक्सयूव्हीत इलेक्ट्रॉनिक्स जास्त आहे. स्कॅनर नसलेल्या माणसाला तिची वायर तोडू देऊ नका.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६, म्हणजे प्रदूषणाच्या कडक नियमांतल्या, गाडीत डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी जाळी. ती जाळून साफ व्हायला गाडी अधूनमधून अर्धा तास तरी सलग वेगात चालावी लागते. तुमचे रोजचे फिरणे घर ते बाजार एवढेच असेल तर जाळी तुंबते आणि खर्च मोठा येतो. हे दोन्ही गाड्यांना सारखेच लागू.

आधीच्या मालकाने काय ओढले ते शोधा

आमच्या मते मॉडेलपेक्षा हे महत्त्वाचे. "डॉक्टरांची गाडी, फक्त शहरात फिरवली" असे विकणारा सांगतो, पण गाडीचा खालचा भाग वेगळेच सांगतो. मागच्या बंपरखाली वाकून बघा. कुणी हूक काढून टाकला असला तरी बोल्टची भोके राहतात. ती गोल असतील तर ठीक. अंड्यासारखी लांबट झाली असतील तर तिथे भरपूर ओढाओढ झाली आहे. मागच्या दिव्याच्या वायरला चिकटपट्टी गुंडाळलेली असेल तर तिथून ट्रॉलीचे दिवे घेतले होते.

मग चासी. आम्ही छोट्या हातोडीने मागून पुढे ठोकत जातो. धड लोखंड ठण् वाजते, आतून गंजलेले बद्द वाजते. समुद्रात उतरलेल्या स्कॉर्पिओची चासी बाहेरून काळ्या रंगाने चकचकीत केलेली असते, आणि मागच्या आडव्या पट्टीत स्क्रू-ड्रायव्हर टोचला की खपली निघते. अशी गाडी निम्म्या किमतीत मिळाली तरी घेऊ नका. एक्सयूव्हीत हीच तपासणी डिकीतली गादी आणि स्टेपनीच्या आसपासचा पत्रा बघून करतो, कारण तिथला पत्रा हाच तिचा कणा.

क्लचसाठी मोकळ्या सपाट जागी हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडले तर क्लच चांगला. फिरतच राहिले तर संपत आला आहे. ही चाचणी एकदाच करा. स्कॉर्पिओ ६० ते ८०च्या वेगात मागून घुं आवाज करते का, गिअर बदलताना खालून टक् होते का ते ऐका. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट आणि तो चाकांत वाटणारा डिफरन्शियल झिजले असतील तर ते असे बोलतात. एक्सयूव्हीचे स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कट्-कट् आवाज आला तर पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे जोड गेले आहेत. ऑटोमॅटिक असेल तर घाट चढवून आणल्यावर गिअर झटका देत बदलतात का ते बघा.

हूक

स्कॉर्पिओला हूक थेट चासीच्या दोन लांब दांड्यांना बोल्टने बसतो. एक्सयूव्हीला मागच्या पत्र्यातल्या मजबूत पट्ट्यांना जोडणारी आडवी कमान लागते. बंपरला हूक लावून देणारे आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका. वेल्डिंग तर दोन्हींना नकोच, कारण तापलेल्या जागी लोखंड कमजोर होते आणि गंजही तिथूनच धरतो. गाडीसोबत आलेली ओढून नेण्याची कडी फक्त बंद पडलेल्या गाडीसाठी आहे. ट्रॉलीच्या दिव्यांना आम्ही वेगळा रिले बॉक्स लावतो. सुरक्षेच्या साखळ्या दोन, दांड्याखाली एकमेकींना छेद देत. दांडा निसटला तर तो रस्त्यात घुसत नाही, साखळ्यांच्या झोळीत पडतो.

कागद

ट्रॉली हे कायद्याने वेगळे वाहन आहे, तिची आरटीओकडे नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर ट्रॉलीच्या मागेही दिसला पाहिजे. गावठी बनावटीच्या पुष्कळ ट्रॉल्यांची नोंदणीच नसते. गाडी घेण्याआधी हे मार्गी लावा. गाडीसाठी मालकी बदलाचे नमुना २९ आणि ३०, आरसीवर कर्जाची नोंद असेल तर ती काढायचा नमुना ३५. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा आपल्या नावावर करून घ्यायलाही १४ दिवस. हूक बसवल्याचे विमा कंपनीला लेखी कळवा आणि पोच ठेवा.

आमचा सल्ला

आठवड्याला होडी बाहेर निघत असेल, जेटीच्या उतारावर गाडी न्यावीच लागत असेल, तर स्कॉर्पिओ. ट्रॉली ५०० किलोच्या आत, वर्षातून दहा-बारा वेळा, तीही डांबरी रस्त्यानेच, आणि उरलेले सगळे दिवस घरची माणसे बसणार असतील, तर एक्सयूव्ही. या दोहोंच्या मध्ये पडत असाल तर ज्या गाडीचा खालचा भाग स्वच्छ निघेल ती घ्या. मॉडेलचा हट्ट धरू नका. देवबागच्या त्या ग्राहकांनी शेवटी फोममधले पाणी काढून वजन ६१० वर आणले, ट्रॉली नोंदवून घेतली आणि एअरबॅग असलेली २०१८ची स्कॉर्पिओ घेतली.

तपासणीसाठी गाडी सकाळी, थंड इंजिनाने आणा. विकणाऱ्याला वाटेत ती गरम करू देऊ नका. सोबत आरसी, सर्व्हिसची जुनी बिले आणि ट्रॉलीच्या काट्याची पावती. दीड तास लागतो. गाडी लिफ्टवर घेतल्यावर तुम्हीही खाली या. आम्ही जे बघतो ते बॅटरीच्या उजेडात तुम्हालाही दाखवतो.