गोळी मानवली नाही, तर स्ट्रिप घेऊन या

आमच्या काउंटरवर रोज चार-पाच वेळा ऐकू येणारे वाक्य म्हणजे, "त्या गोळीने पित्त झाले, दुसरी द्या." त्या एका वाक्यापायी हे माहितीपत्रक छापावे लागले आहे. पित्त हा शब्द आपण दोन अगदी निराळ्या त्रासांसाठी वापरतो. छातीत जळजळ होऊन आंबट पाणी येते तेही पित्त, आणि अंगावर गांधी उठून खाज सुटते तेही पित्तच. पहिला त्रास बरेचदा गोळी उपाशीपोटी घेतल्याचा असतो आणि घेण्याची वेळ बदलली की आटोक्यात येतो. दुसरा ॲलर्जीचा असू शकतो, आणि तसे असेल तर तीच गोळी पुन्हा घेणे धोक्याचे ठरते. म्हणून आमचे फार्मासिस्ट "नेमके काय झाले, गोळी घेतल्यावर किती वेळाने झाले" असे विचारतात, तेव्हा तो वेळकाढूपणा नसतो. ओठ, जीभ किंवा पापण्या सुजल्या, दम लागू लागला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर मात्र आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नये. १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे.

आपला आणि आमचा सर्वाधिक वेळ मात्र वेगळ्याच गोष्टीत जातो, ती म्हणजे सुट्या गोळ्या. गेल्या पावसाळ्यात मखमलाबादहून येणारे एक काका बडीशेपेच्या डबीत पाच प्रकारच्या गोळ्या घेऊन आले. त्यांतल्या तीन पांढऱ्या आणि गोल होत्या. यांतल्या एकीने पाय सुजतात, असे त्यांचे म्हणणे होते आणि ती साखरेची असावी या अंदाजाने त्यांनी बारा दिवसांपासून ती बंदही केली होती. चिठ्ठी घरी, स्ट्रिप कचऱ्यात. पुण्यातल्या मुलाला फोन लावून चिठ्ठीचा फोटो मागवला, तेव्हा उलगडा झाला की घोट्यांवरची सूज बहुधा रक्तदाबाच्या अम्लोडिपिनची होती. त्या गोळीचा तो सर्वपरिचित परिणाम आहे. बंद झाली होती ती मधुमेहाची बिचारी मेटफॉर्मिन. सूज होती तशीच राहिली आणि साखर तेवढी वाढली. या उलगड्याला पाऊण तास लागला, आणि तोवर मागे उभ्या असलेल्यांनी आमचा पुरेसा उद्धार केला.

यास्तव विनंती अशी की गोळ्या स्ट्रिपमध्येच ठेवाव्यात आणि ज्या टोकाला बॅच क्रमांक व मुदत छापलेली असते, ते टोक सर्वांत शेवटी उघडावे. आम्हीही सुटी स्ट्रिप कापताना ते टोक राखूनच कापतो. आठवड्याच्या खणांची डबी वापरत असाल, तर रिकामी स्ट्रिप त्या डबीखाली रबराने बांधून ठेवावी. त्रास झाला की गोळीचे नाव, घेतल्याची वेळ, त्रास सुरू झाल्याची वेळ आणि त्याआधी काय खाल्ले होते, एवढे कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहिले तरी डॉक्टरांचे निम्मे काम होते.

काही त्रास अपेक्षित असतात, आणि ते आधी ठाऊक असले की घाबरगुंडी उडत नाही. मेटफॉर्मिनने सुरुवातीला मळमळ किंवा जुलाब होतात. जेवणासोबत घेतल्यास ते बहुतेकांना काही आठवड्यांत कमी होतात, आणि न झाल्यास हळूहळू विरघळणारा प्रकार डॉक्टर लिहून देऊ शकतात. लोहाच्या गोळीने शौचाचा रंग काळा होतो. क्षयरोगाच्या रिफॅम्पिसिनने लघवी केशरी होते, ते रक्त नव्हे. रामिप्रिलसारख्या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला लागतो, जो कोणत्याही सिरपने हटत नाही. महिन्यामागून महिना खोकल्याची बाटली नेणाऱ्या ग्राहकाला आम्ही "रक्तदाबाची कोणती गोळी घेता" असे विचारून डॉक्टरांकडे परत पाठवतो. धंद्याच्या हिशेबाने ते शहाणपणाचे नसेल, पण आमच्याकडे अजून तसेच चालते. यांपैकी कोणतीही गोळी परस्पर बंद करू नये. आधी डॉक्टरांना किंवा निदान आम्हाला फोन करावा.

आता दुधाविषयी. गोळी "उष्ण पडते" म्हणून ती दुधासोबत घेण्याची चाल घरोघरी आहे. अनेक गोळ्यांना त्याने काही फरक पडत नाही, पण सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकांना पडतो. दुधातले कॅल्शियम त्यांना धरून ठेवते आणि औषध अंगी पुरेसे लागत नाही. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्यासोबत घ्यावी आणि नंतर अर्धा तास तरी आडवे होऊ नये, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम होऊ शकते. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्यासोबत घ्यावी, चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने करावा, आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी त्यानंतर चार तासांनी घ्यावी. लोहाच्या गोळीवर चहा पिऊ नये, लिंबूपाणी चालते. दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मात्र काही खाऊनच घ्याव्यात, आणि ते खाणे म्हणजे तर्रीदार मिसळ नव्हे, हे नाशिककरांना सांगावे लागते.

ज्यांना दूधच पचत नाही, त्यांचा प्रश्न निराळा आहे. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचवणारे विकर कमी पडले की पोट फुगते आणि जुलाब होतात. ही ॲलर्जी नव्हे, आणि अशा अनेकांना दही सोसते. बऱ्याच गोळ्यांमध्ये लॅक्टोज भरण म्हणून असते हे खरे, पण पेलाभर दुधात ते साधारण नऊ-दहा ग्रॅम असते आणि एका गोळीत बहुधा मिलिग्रॅममध्ये मोजण्याइतके. तेवढ्याने सहसा त्रास होत नाही. तरीही होत असेल, तर त्याच औषधाचा लॅक्टोजविरहित ब्रँड आहे का, हे आम्ही शोधून पाहतो आणि डॉक्टरांच्या संमतीने मागवतो.

गव्हाचा त्रास असल्याची शंका आल्यावर पुष्कळजण पोळी बंद करतात आणि मग तपासणीला जातात. हा क्रम उलटा आहे. सीलिॲक आजाराची, म्हणजे गव्हातल्या ग्लुटेनने आतड्याला इजा होणाऱ्या आजाराची, रक्ततपासणी गहू आहारात असतानाच करावी लागते, अन्यथा ती फसवी निघू शकते. निदान पक्के झाले की ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ आहेतच, पण ती गिरणीत गव्हाच्या पाठोपाठ दळून आणू नयेत. शिवाय फोडणीतल्या हिंगाचे वेष्टन वाचावे, कारण बाजारातल्या बांधानी हिंगात पुष्कळदा गव्हाचे पीठ मिसळलेले असते.

हिवाळा सरत आला की हमखास येणारा प्रश्न द्राक्षांचा. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांसोबत ग्रेपफ्रूट खाऊ नये, अशी सूचना असते, आणि ती वाचून आपल्याकडची मंडळी द्राक्षे सोडतात. ग्रेपफ्रूट हे संत्र्या-मोसंब्याच्या जातीचे मोठे, कडसर फळ आहे. द्राक्षाशी त्याचे नावापुरतेच नाते. पपनस मात्र त्याच कुळातले असल्याने या गोळ्या घेणाऱ्यांनी तेही टाळलेले बरे. मधुमेहींनी द्राक्षे किती खावीत, हा हिशेब वेगळा, तो डॉक्टरांशी करावा.

"चिठ्ठीशिवाय बदलून द्या, शेजारचा देतो," असेही आम्हाला ऐकवले जाते. शेड्यूल एच, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या औषधांची सरकारी यादी, यातील औषध चिठ्ठीविना देता येत नाही, आणि एच-वन या अधिक कडक यादीतील प्रत्येक विक्रीची वेगळी नोंद तीन वर्षे ठेवावी लागते. शिवाय त्रास कशाने झाला हे कळण्याआधी गोळी बदलली, तर तोच घटक दुसऱ्या नावाने पुन्हा पोटात जाऊ शकतो. औषधाच्या दुष्परिणामाची माहिती ग्राहकांनाही १८००-१८०-३०२४ या शासकीय टोल फ्री क्रमांकावर कळवता येते. फॉर्म भरण्यास आम्ही मदत करतो.

नियमित ग्राहकांसाठी आम्ही एक औषध कार्ड विनामूल्य करून देतो. त्यात चालू औषधे, न सोसलेली औषधे व त्यांनी झालेला त्रास, आणि न चालणारे पदार्थ यांची नोंद असते. कोणत्याही डॉक्टरांपुढे ते ठेवता येते. कार्डासाठी घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स आणि शेवटची चिठ्ठी घेऊन दुपारी दोन ते चार या वेळेत यावे. संध्याकाळी सातनंतर गर्दी असते.