परदेशात रेसिडेन्सी: देश ठरवण्याआधी पासपोर्ट आणि मार्कशीट शेजारी ठेवा

इंटर्नशिप संपत आली की केईएम, सायन, नायर, जे.जे.च्या हॉस्टेलांत एकच विषय: नीट पीजी (इथल्या पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) की परदेशात रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलात काम करत पदव्युत्तर प्रशिक्षण? परदेश म्हटलं की लगेच पगाराची गणितं सुरू होतात. मी आधी विचारतो, परत यायचंय का? कारण अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच देशांतली पदव्युत्तर पात्रता, त्या विषयातल्या प्रॅक्टिससाठी तिथे मान्य असेल, तर भारतातही चालते. जर्मनी या यादीत नाही. पुढे ठाण्या-डोंबिवलीत दवाखाना टाकायचा बेत असेल तर हे आजच बघा.

अमेरिकेसाठी ईसीएफएमजीचं, म्हणजे परदेशात शिकलेल्या डॉक्टरांची पात्रता तपासणाऱ्या तिथल्या संस्थेचं, प्रमाणपत्र लागतं. त्यात यूएसएमएलई या परवाना परीक्षेच्या स्टेप 1 आणि स्टेप 2 सीके, ओईटी मेडिसिन ही डॉक्टरांसाठीची इंग्रजी परीक्षा आणि क्लिनिकल कौशल्यांसाठीचा 'पाथवे' आला. 2022 पासून स्टेप 1 चा निकाल फक्त पास-नापास असा लागतो, त्यामुळे सगळा भार स्टेप 2 सीकेच्या स्कोअरवर. एका स्टेपला चारच प्रयत्न मिळतात, म्हणून 'बघू तरी देऊन' म्हणून बसू नका. अर्ज सप्टेंबरात, मॅच (उमेदवार आणि हॉस्पिटलांची जुळणी) मार्चमध्ये, रुजू जुलैत.

खरी गोम व्हिसात आहे. बहुतेकांना जे-1 हा प्रशिक्षणाचा व्हिसा मिळतो. त्यासाठी आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाचं 'स्टेटमेंट ऑफ नीड' (देशाला अशा डॉक्टरांची गरज असल्याचं पत्र) लागतं आणि प्रशिक्षण संपल्यावर दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते. ही अट टाळायची तर 'कॉनरॅड 30' हा एक रस्ता: प्रत्येक राज्याला वर्षाला 30 सवलती, बदल्यात डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी. एच-1बी हा नोकरीचा व्हिसा हवा तर स्टेप 3 आधीच पास हवी. शिवाय सप्टेंबर 2025 च्या घोषणेने अमेरिकेबाहेरच्या उमेदवारासाठीच्या नव्या अर्जावर 1 लाख डॉलरचं शुल्क लावलं. ते भरायला किती हॉस्पिटलं तयार होतील?

ब्रिटनचा रस्ता दिसायला सोपा. आयईएलटीएस अ‍ॅकॅडमिक 7.5 (प्रत्येक भागात किमान 7) किंवा ओईटीत सगळीकडे बी, मग परदेशी डॉक्टरांसाठीच्या प्लॅब परीक्षेचा पहिला भाग, प्लॅब 1: तीन तासांत 180 प्रश्न. प्लॅब 2 मात्र फक्त मँचेस्टरला, म्हणजे व्हिसा आणि विमानभाडं आलंच. एवढं करून हाती येते ती जीएमसीची (तिथल्या मेडिकल कौन्सिलची) नोंदणी, नोकरी नव्हे. प्रशिक्षणाच्या जागांवर स्थानिक पदवीधरांना प्राधान्य देण्याचं तिथल्या सरकारने 2025 च्या आरोग्य आराखड्यात जाहीर केलं आहे. निव्वळ प्लॅबच्या भरवशावर कर्ज काढू नका, असंच मी सांगेन.

जर्मनीत मॅच वगैरे नाही, हॉस्पिटलला थेट अर्ज. पण आधी बी2 पर्यंत जर्मन, मग डॉक्टरी भाषेची वेगळी परीक्षा, बहुतेकांना ज्ञानचाचणीही. नियम राज्यागणिक बदलतात. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनात इंटर्नशिपमध्येच नाव घातलं तर वेळ वाचेल.

आता कागद. आपल्याकडे सगळं अडतं ते नावावर. दहावी-बारावीच्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. लग्नानंतर पासपोर्ट बदललेला, डिग्री माहेरच्या नावाची. परीक्षेच्या अर्जात नाव पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर भरा. फरक असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद हाताशी ठेवा. स्पेलिंगमधला जास्तीचा 'ए' किरकोळ वाटतो, पण एपिक या कागदपत्रं तपासणाऱ्या सेवेची पडताळणी थेट पदवी देणाऱ्या संस्थेकडे जाते आणि तिथल्या नोंदीशी नाव जुळलं नाही की फाईल पडून राहते.

बाकी यादी ओळखीचीच: पदवी प्रमाणपत्र, ट्रान्स्क्रिप्ट, इंटर्नशिप पूर्ण केल्याचा दाखला, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी. अमेरिकेसाठी डीनच्या कार्यालयातून एमएसपीई (विद्यार्थी म्हणून कामगिरीचं पत्र) आणि शिफारसपत्रंही. सरकारी कॉलेजचा बाँड (सक्तीची सेवा) बाकी असेल तर मूळ कागदपत्रं कधी हातात पडतील, ते आधी विचारून घ्या. कौन्सिलचं गुड स्टँडिंग (तुमच्यावर कारवाई चालू नसल्याचं) प्रमाणपत्र मात्र घाईने काढू नका. जीएमसीला ते तीन महिन्यांच्या आतलं लागतं, म्हणून ते सगळ्यात शेवटी.