संख्यात्मक जीवशास्त्राचा लोकसंवाद

संख्यात्मक जीवशास्त्रातील संशोधन त्या विषयाबाहेरच्या वाचकांपर्यंत पोचवण्याचे काम. पेशी आणि प्रथिनांची मोजदाद, साथींची गणिती प्रतिमाने हा या शाखेचा व्याप. इथला निष्कर्ष बहुधा आकडा असतो, आणि आकडा गृहीतकांना मागे टाकून एकटाच प्रवासाला निघतो, ही मुख्य अडचण.

‘शरीरात स्वतःच्या पेशींच्या दहापट जिवाणू असतात’ हे विधान याचा उत्तम नमुना. त्याचे मूळ १९७२ मधल्या एका ढोबळ अंदाजात आहे. संशोधक थॉमस लकी यांनी विष्ठेतील जिवाणूंची दाटी साऱ्या पचनमार्गाला लावली. जठर आणि लहान आतड्यात जिवाणू फारच विरळ, दाटी असते ती मोठ्या आतड्यात. पण हा बारकावा मागेच राहिला आणि ‘दहापट’ पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले. २०१६ मध्ये रॉन सेंडर, शाय फुक्स आणि रॉन मिलो या संशोधकांनी नव्याने हिशेब मांडला: ७० किलो वजनाच्या प्रौढ पुरुषात सुमारे ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी मानवी पेशी, म्हणजे जवळपास बरोबरी. त्या पेशींतल्या बहुसंख्य तर तांबड्या रक्तपेशी! या लेखकांनी अंदाजातली अनिश्चितताही सोबत छापली. वार्तांकनात नेमकी तीच गळते.

धोक्याचे आकडे सांगताना छेद, म्हणजे ‘किती जणांत’ हे, गाळणे याहून महाग पडते. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये काही नव्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका ‘दुप्पट’ होतो, असा इशारा दिला गेला. प्रत्यक्षात तो ७,००० स्त्रियांत एकीवरून दोघींवर गेला होता. अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढल्या वर्षी गर्भपात वाढले. इशारा खोटा नव्हता, अर्धा होता.

साथीच्या आलेखांत लॉगरिदमिक मोजपट्टीही (तिच्यावर समान अंतराने १, १०, १०० अशा संख्या येतात) अशीच फसवते: दुपटीने चढणारी रेघ तिच्यावर सरळ, निरुपद्रवी दिसते.

निष्कर्ष सांगण्याऐवजी लोकांना कामातच ओढणे, हा निराळा मार्ग. वॉशिंग्टन विद्यापीठाचा ‘फोल्डइट’ हा २००८ चा संगणकीय खेळ खेळाडूंना प्रथिनांच्या घड्या घालायला, म्हणजे त्यांच्या साखळ्या कशा दुमडतात ते शोधायला लावतो. माकडांमधील एका रेट्रोव्हायरसच्या (एचआयव्ही ज्या गटात मोडतो त्यातला विषाणू) प्रोटिएज या प्रथिने तोडणाऱ्या विकराची (एन्झाइमची) रचना संशोधकांना दहा वर्षांहून अधिक काळ उलगडत नव्हती. खेळाडूंनी काही आठवड्यांत तिचे पुरेसे अचूक प्रारूप उभे केले. २०११ च्या शोधनिबंधात लेखकांच्या यादीत खेळाडूंच्या गटांचीही नावे आहेत.