नाताळ हा सूर्यदेवाचा ‘उचललेला’ सण आहे का?

नाताळ म्हणजे मुळात रोमन सूर्यदेवाचा सण, चर्चने फक्त नाव बदललं, असं दर डिसेंबरात छातीठोकपणे सांगितलं जातं. पुरावा इतका सरळ नाही. सम्राट ऑरेलियनने इ.स. 274 मध्ये सूर्यदेवाचं मंदिर उभारलं, हे खरं. पण 25 डिसेंबरच्या सूर्योत्सवाची सर्वांत जुनी नोंद सापडते ती 354 च्या एका रोमन संकलनात, आणि त्याच संकलनात त्याच तारखेला ख्रिस्तजन्मही नोंदलेला आहे! मग कोणी कोणाचं उचललं? सॅटर्नेलिया हा दुसरा रोमन सण तर 17 डिसेंबरला सुरू होऊन 25 च्या आधीच आटोपायचा.

मला दुसरा तर्क जास्त पटतो. येशूचा मृत्यू 25 मार्चचा, असं तर्तुलियन हा आरंभीचा ख्रिस्ती लेखक सन 200 च्या सुमारास मानत होता. गर्भधारणाही त्याच दिवशी धरली, की नऊ महिन्यांनी 25 डिसेंबर येतो. अर्थात हेही अनुमानच.

नाताळावर आक्षेप घेणारे ख्रिस्तीही होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी (कडक शिस्तीचा प्रोटेस्टंट पंथ) 1659 मध्ये तो साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड ठेवला. 1681 मध्ये हा दंड उठला. यहोवाचे साक्षीदार हा पंथ मानणारे आजही नाताळ पाळत नाहीत. त्यांच्या श्रद्धेचा मान राखावाच, पण पाळणाऱ्याला मूर्तिपूजक ठरवणं अन्यायाचं आहे. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 14 व्या अध्यायात प्रेषित पौल दिवस पाळण्याचा प्रश्न ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडतो.