नागरिकांचे दात आणि रखडलेलं शहर: 'सिटीज: स्कायलाइन्स २'च्या वादाची पार्श्वभूमी

'सिटीज: स्कायलाइन्स २' हा शहर उभारणीचा गेम २४ ऑक्टोबर २०२३ रोजी आला आणि काही दिवसांतच खेळाडूंची चर्चा रस्ते, पूल सोडून नागरिकांच्या दातांवर घसरली. गेम पडद्यावर चित्र कसं काढतो, हे काही जाणकारांनी उकलून पाहिलं होतं. शहरातल्या प्रत्येक माणसाच्या तोंडात कोरीव दात निघाले. खरं तर कॅमेरा लांब गेला की त्याच माणसाची साधी, कमी तपशिलाची आकृती वापरायची, ही या धंद्यातली जुनी रीत. इथे ती सोयच नव्हती. वरून माणूस मुंगीएवढा दिसत असला तरी ग्राफिक्स कार्ड त्याचे दात रंगवत बसलेलं. गेम बनवणाऱ्या कोलोसल ऑर्डर कंपनीने साध्या आकृत्या नसल्याचं मान्य केलं, पण सगळा दोष दातांचा नाही असंही सांगितलं. तेही खरंच होतं. दात फक्त चटकन नजरेत भरले, एवढंच.

गेममधला प्रत्येक नागरिक खरंच मोजायचा की नुसता दाखवायचा, या वादाचं मूळ बरंच मागे जातं. १९८९ साली मॅक्सिस कंपनीच्या विल राइटने 'सिमसिटी' आणला, तेव्हा शहर म्हणजे चौकोनांचा नकाशा होता. प्रत्येक चौकोनाला प्रदूषण, गुन्हेगारी, जमिनीचा भाव असे आकडे. रस्त्यावरच्या गाड्या नुसती सजावट. त्यातल्या अमुक घरात कोण राहतं, असं कुणी विचारलं नाही, कारण गेमने तसा दावाच केला नव्हता.

दावा केला २०१३च्या 'सिमसिटी'ने. माणूस, गाडी, अगदी पाणी आणि वीजसुद्धा स्वतंत्रपणे शहरात फिरते, अशी जाहिरात होती. मार्चमध्ये गेम आला. सतत इंटरनेट लागणार होतं, आणि सर्व्हर कोलमडले. पैसे मोजलेले लोक कित्येक दिवस दाराबाहेरच. बरीचशी आकडेमोड आमच्या सर्व्हरवर होते, असं कंपनी सांगत होती. एका मॉडरने, म्हणजे गेममध्ये स्वतःहून बदल करणाऱ्या खेळाडूने, थोड्याच दिवसांत गेम इंटरनेटशिवाय चालवून दाखवला. त्या गोंधळाचीच आठवण आज जास्त निघते. माझ्या मते खरी फसगत आतल्या हिशेबात होती. संध्याकाळी कामावरून सुटलेला नागरिक स्वतःच्या घरी जात नसे, वाटेत पहिलं रिकामं घर दिसेल त्यात शिरत असे. सकाळी नोकरीचंही तेच. शेजारचा रस्ता मोकळा असताना सगळ्या गाड्या जवळच्या वाटेवर तुंबायच्या. त्यातच दाखवली जाणारी लोकसंख्या फुगवलेली असल्याचं खेळाडूंनी कोडमधून शोधून काढलं. इंटरनेटशिवाय खेळायची अधिकृत सोय व्हायला मार्च २०१४ उजाडला आणि मार्च २०१५मध्ये मॅक्सिसचा एमरीव्हिलचा स्टुडिओच बंद झाला.

त्याच महिन्यात, १० मार्च २०१५ला, पहिला 'स्कायलाइन्स' आला. फिनलंडमधल्या टाम्पेरे शहरातली कोलोसल ऑर्डर ही जेमतेम १३ जणांची टीम. यात नागरिकाला स्वतःचं घर होतं, ठरलेली नोकरी होती. मर्यादा मात्र कडक: एका वेळी फिरणारी माणसं ६५,५३६, धावणारी वाहनं १६,३८४. शहर त्या आकड्याला टेकलं की नवी गाडी रस्त्यावर यायचीच नाही.

या गेमचा सर्वांत गाजलेला वाद मृत्यूच्या लाटेचा. खेळाडूने मोठी वसाहत एका झटक्यात वसवली की तिथे साधारण एकाच वयाची माणसं येत. पुढे काही वर्षांनी ती जवळजवळ एकदमच मरत. शववाहिका रस्त्यांवर अडकत, प्रेतं घरातच राहत, घरं ओस पडत. हा बग, म्हणजे प्रोग्राममधली चूक, की घाईने शहर वसवल्याचं फळ? दोन्ही बाजूंनी हिरिरीने भांडणारे होते. गाड्या एकाच लेनमध्ये रांग लावत, त्यावर खेळाडूंनी स्वतःच मॉड बनवले. ते मॉड मग मेमरी खात.

दुसऱ्या भागात अशी पक्की मर्यादा नसेल, संगणकाची ताकद असेल तेवढं शहर वाढेल, असं सांगितलं गेलं. पण प्रकाशनाच्या काही आठवडे आधी हार्डवेअरच्या अटी वाढल्या, कन्सोल आवृत्ती पुढे ढकलली गेली, आणि पडद्यावरचं चित्र सरकण्याचा ठरवलेला वेग गाठता आला नाही हेही कबूल झालं. इथे दोन गोष्टींची चर्चेत नेहमी गल्लत होते. ग्राफिक्स कार्ड दमलं की चित्र अडखळतं; शहर फुगून प्रोसेसर दमला की गेममधला काळच मंदावतो. पहिल्या दुखण्यावर पॅच, म्हणजे दुरुस्तीचे तुकडे, येत गेले, काही प्रमाणात लागूही पडले. लाखांच्या शहरात दुसरं उरलंच.

मार्च २०२४मध्ये जुने बग तसेच असताना समुद्रकिनाऱ्याच्या घरांचा सशुल्क पॅक विकायला काढला, तेव्हा खेळाडू भडकले. एप्रिलमध्ये कंपनीला माफी मागून पैसे परत करावे लागले. जूनच्या अर्थव्यवस्थेच्या पॅचमध्ये शहराला आपोआप मिळणारं सरकारी अनुदान काढून टाकलं. शहर कितीही वाईट चालवा, दिवाळं निघतच नाही, ही तक्रार होतीच. त्याचं एक कारण हे अनुदान.

नोव्हेंबर २०२५मध्ये प्रकाशक पॅराडॉक्सने कोलोसल ऑर्डरपासून वेगळं होत असल्याचं जाहीर केलं. पुढचं काम, उरलेल्या बगांसकट, २०२६पासून आइसफ्लेक या पॅराडॉक्सच्याच स्टुडिओकडे. तोही टाम्पेरेचाच.