रंगाचा पल्ला आणि रंगाचा खरेपणा

पैठणला आमच्या दाजींचं पैठण्यांचं छोटं दुकान आहे. निम्म्याहून जास्त गिऱ्हाईक आता मोबाइलवरचं, म्हणून दर शनिवारी संभाजीनगरहून जाऊन फोटो मी काढून देतो. मागच्या दिवाळीआधी नवा मॉनिटर घेतला. खोक्यावर मोठ्या अक्षरात ‘१०० टक्के पी-थ्री’. पी-थ्री म्हणजे रंगांच्या मोठ्या पल्ल्याचं एक माप. त्यावर मोरपंखी पैठणीचा फोटो उघडला तर रंग अंगावर धावून आला. दाजी म्हणाले, “लई भडक झालं, उतरव जरा.” साडी खिडकीपाशी धरून, तिच्याशी मिळेपर्यंत मी रंग खाली आणला आणि फोटो पाठवून दिला. दहा दिवसांनी साडी लातूरहून परत. बाईंना फोटोत दिसली तशी फिकी मोरपंखी हवी होती, हातात पडली ती गडद.

“कामून रे, एवढा महागाचा मॉनिटर घेतलास ना?” दाजींनी विचारलं. त्यांची चूक नव्हती. मीही तोच घोळ केला होता. पल्ला मोठा म्हणजे रंग खरा, असं धरून चाललो होतो.

पल्ला म्हणजे गॅमट. स्क्रीनचा लाल, हिरवा आणि निळा दिवा जास्तीत जास्त किती चोख रंग देऊ शकतो, यावरून तिची हद्द ठरते. रंगांच्या नकाशावर हे तीन ठिपके जोडले की त्रिकोण होतो. त्यातले रंग स्क्रीन दाखवू शकते, बाहेरचे नाही. खरेपणा हा वेगळाच प्रश्न आहे. फाइलमध्ये जो रंग सांगितलाय तोच स्क्रीनवर उमटला का? पेटीत बारा सूर असणं आणि वाजवणाऱ्यानं बरोबर पट्टी दाबणं, एवढा यात फरक आहे.

माझ्याकडे गडबड झाली ती इथेच. फोटोच्या फाइलीत रंग नसतो, आकडे असतात. लाल २५५, हिरवा ०, निळा ०, म्हणजे ‘लाल दिवा पूर्ण’. पण कोणाचा लाल? पूर्वी पायलीचं माप गावागणिक बदलायचं. पाच पायल्या ज्वारी म्हटलं की कुठली पायली हे विचारावंच लागायचं. फाइलीसोबत जोडलेला कलर प्रोफाइल नेमकं हेच सांगतो. माझा फोटो एसआरजीबीच्या मापातला होता. एसआरजीबी १९९६ साली त्या वेळच्या काचेच्या जाड मॉनिटरांवरून ठरलं, आणि आजही वेबवरचं नेहमीचं माप तेच. मी वापरत होतो त्या प्रोग्रामनं प्रोफाइल न वाचता आकडे सरळ पी-थ्रीच्या पायलीत ओतले. साहजिकच सगळं भडक. मी ते उतरवलं, आणि माप नीट वाचणाऱ्या लातूरच्या मोबाइलवर फोटो फिका पडला. मॉनिटर जितका मोठ्या पल्ल्याचा, तितकी ही चूक मोठी. साध्या स्क्रीनवर ती झालीच नसती.

खोक्यावरच्या टक्क्यांचंही तसंच. रंगांचा जो घोड्याच्या नालासारखा नकाशा सगळीकडे छापतात, तो सीआयई या आंतरराष्ट्रीय संस्थेचा, १९३१ चा. त्यावर मोजलं तर पी-थ्रीचा त्रिकोण एसआरजीबीपेक्षा सुमारे ३६ टक्क्यांनी मोठा. सीआयईच्याच १९७६ च्या सुधारित नकाशावर तेच दोन त्रिकोण मोजा, फरक सुमारे २६ टक्के. टोकांचे आकडे घेऊन मी वहीवर हिशेब केला, दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. जुना नकाशा डोळ्याच्या हिशेबानं आखलेलाच नव्हता. १९४२ साली डेव्हिड मॅकअ‍ॅडम यांनी २५ रंग घेऊन, एकाच निरीक्षकाच्या डोळ्यांनी, रंग किती सरकला तरी फरक कळत नाही ते मोजलं. प्रत्येक रंगाभोवती एक लंबगोल मिळाला. हिरव्या भागात तो भला मोठा, निळ्यात अगदी चिमुकला. म्हणजे हिरव्यात बोटभर सरकलात तरी डोळ्याला पत्ता नाही, निळ्यात केसभर सरकलं की कळतं. अशा नकाशावर क्षेत्रफळ मोजून बढाई मारणं म्हणजे एकर आणि गुंठे एकाच खान्यात लिहून बेरीज करण्यासारखं.

आणखी एक गंमत. अडोबी आरजीबी नावाचं १९९८ चं दुसरं माप आहे. १९३१ च्या नकाशावर त्याचं आणि पी-थ्रीचं क्षेत्रफळ जवळजवळ सारखंच भरतं. पण अडोबी हिरव्या-निळ्याकडे जास्त पसरलेलं, पी-थ्री लाल-केशरीकडे. मोरपंखी नि रामा कलरच्या साड्या विकणाऱ्याला पहिलं सोयीचं, कुंकवाच्या नि डाळिंबी काठांना दुसरं. टक्के मात्र दोन्हीकडे जवळपास तेच.

खरेपणाचा आकडा वेगळा असतो, त्याला डेल्टा ई म्हणतात. मागितलेला रंग आणि उमटलेला रंग यांतलं अंतर, डोळ्याला जाणवेल अशा पट्टीवर मोजलेलं. जुनं सूत्र १९७६ चं, पुढे निळ्या छटांसारख्या अवघड जागी ते चुकायचं म्हणून २००० साली दुरुस्त सूत्र आलं. ढोबळ मानानं १ च्या आसपासचा फरक शेजारी शेजारी ठेवून निरखला तरच कळतो. पण खोक्यावर ‘डेल्टा ई २ पेक्षा कमी’ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा सरासरी असतं, आणि सरासरीत एखादी मोरपंखी सहज बुडते. शिवाय रंग मोजणारं स्वस्तातलं यंत्र डोळ्याची नक्कल करणाऱ्या फिल्टरांवर चालतं. मोठ्या पल्ल्याच्या स्क्रीनचा प्रकाश अरुंद, टोकदार लहरींचा. त्या स्क्रीनसाठीची दुरुस्ती यंत्रात भरलेली नसेल तर तेच फसतं.

इथवर ठीक. पण समजा यंत्र उत्तम आहे, मापं जुळली आहेत, डेल्टा ई शून्य. तरी रंग जुळेल का?

एका सकाळी दाजींच्या ओसरीवर, सावलीत पण उजेडात, साडीचा पदर आणि मोबाइल शेजारी ठेवून बघितलं. सत्तरीच्या आत्याबाई म्हणाल्या, “जुळतंय की.” त्यांची कॉलेजातली नात म्हणे, “नाही आजी, फोनवर निळं जास्त मारतंय.” दोघींत रंगांधळं कोणी नाही. १९३१ चा जो ‘प्रमाण निरीक्षक’ सगळ्या मापांच्या मुळाशी आहे, तो इंग्लंडात राइट यांनी १० आणि गिल्ड यांनी ७ जणांवर केलेल्या प्रयोगांतून काढलेला सरासरी माणूस. तोही हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्या, म्हणजे दोन अंशांच्या ठिपक्याकडे बघणारा. अख्खा पदर बघणाऱ्यासाठी १९६४ साली दहा अंशांचा दुसरा निरीक्षक ठरवावा लागला. तुमचा-माझा डोळा या सरासरीशी हुबेहूब जुळत नाही. वयासोबत डोळ्यातलं भिंग पिवळट होतं आणि निळा प्रकाश कमी आत सोडतं. रंगवलेल्या रेशमावरून येणारा प्रकाश सगळ्या लहरींत पसरलेला असतो, म्हणून हा फरक फारसा वर येत नाही. स्क्रीनच्या प्रकाशात मात्र लहरींची तीनच टोकं, आणि पल्ला वाढवायचा तर ती आणखी अरुंद करावी लागतात. २०१२ च्या रेक-२०२० या टीव्हीसाठीच्या खूप मोठ्या पल्ल्याच्या मापात तर लाल ६३०, हिरवा ५३२ आणि निळा ४६७ नॅनोमीटर, एकेकच लहर. लहर जितकी एकेरी, तितकं माणसामाणसातलं अंतर उघडं पडतं. म्हणजे पल्ला वाढवता वाढवता ‘सगळ्यांसाठी खरा’ असा रंगच हातून निसटत जातो. मला तरी या सगळ्यात हीच गोष्ट सर्वात विलक्षण वाटते.

पैठणीनं तर यात वेगळीच भर घातली. धूपछाव पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. पदर हलवला की हिरव्याची जांभळी छटा. तिचा ‘खरा रंग’ कुठला म्हणून फाइलीत लिहायचा? मी आता फोटो एसआरजीबीतच देतो, प्रोफाइल जोडून, आणि मॉनिटरही त्याच मापावर ठेवतो. दाजींनी त्यांचा तोडगा काढलाय. कोणी धूपछाव मागितली की ते ताण्याचा आणि बाण्याचा वीतभर धागा पाकिटात घालून आधी पोस्टानं पाठवतात.